एम.एड.चे क्रेडिट आणि पीएचडीची तीन वर्षं

मालवणजवळच्या तारकर्ली, देवबाग, वायरी या पट्ट्यातल्या शिक्षकांच्या मोबाइलवर एक जाहिरात पुन्हापुन्हा फिरते: नोकरी सांभाळून, घरबसल्या, दीड वर्षात शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट, आधीच्या पदव्यांचे क्रेडिट वळते करून मिळतील. मग कुणीतरी विचारतं, "सर, एम.एड.चे क्रेडिट गावतत, मगे तीन वर्सां कित्याक?" पुष्कळदा हा प्रश्न फीचा पहिला हप्ता भरून झाल्यावर येतो. मग राग येतो. विचारणाऱ्याचा नव्हे, त्याला हे सांगून पैसे घेणाऱ्यांचा.

तर स्पष्टच सांगतो. एम.एड.च्या क्रेडिटने पीएचडीचा एक दिवसही कमी होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची सध्याची पीएचडी नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाली. तिच्यात कोर्सवर्क धरून किमान कालावधी तीन वर्षं आहे आणि कमाल सहा. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं. त्यात संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशनातली नैतिकता हे विषय असावेच लागतात. हे सगळं त्या तीन वर्षांच्या पोटातच असतं. त्यामुळे समजा उद्या कुणी कोर्सवर्क संपूर्ण माफ केलं, तरी प्रबंध तीन वर्षांच्या आत जमा करता येणार नाही. क्रेडिट अभ्यास मोजतात. किमान कालावधीची अट वेगळी आहे.

हा घोळ मुळात कुठून आला, तेही समजून घ्यायला हवं, कारण फसवणारे अर्धवट खरं तेच सांगतात. २०२१ साली अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. मिळवलेले क्रेडिट खात्यात साठतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, हे खरं. पण एका पदवीसाठी वापरलेले क्रेडिट त्या खात्यातून कायमचे वजा होतात. एम.एड.चं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हाच ते क्रेडिट खर्ची पडले. तेच पुन्हा पीएचडीत कसे चालतील? दुसरं मूळ एम.फिल.चं. २०१६च्या नियमावलीत एम.फिल. झालेल्याला पीएचडीच्या कोर्सवर्कमधून सूट देण्याची मुभा विभागाला होती. आता एम.फिल. अभ्यासक्रमच बंद झाला आहे.

तिसरं मूळ अमेरिकेतलं. तिकडे एड.डी. नावाची व्यावसायिक डॉक्टरेट आहे, मुख्यत्वे शाळाप्रमुख आणि शिक्षण-प्रशासकांसाठी. काही विद्यापीठं ती जलद अभ्यासक्रम म्हणून चालवतात आणि मान्यताप्राप्त संस्थेत पदव्युत्तर स्तरावर शिकलेले काही क्रेडिट स्वीकारतात. किती स्वीकारायचे, किती जुने चालतील, किमान श्रेणी कोणती, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवतं. मुलीकडे न्यू जर्सीला जाऊन तिथे प्रवेश घेणाऱ्याने ही चौकशी जरूर करावी. पण तिथला नियम मालवणात बसून लागू होत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये आयोगाने आणि तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) मिळून जाहीर इशारा दिला होता, की एड-टेक कंपन्या परदेशी संस्थांच्या साथीने देत असलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही. नियमावलीही म्हणते, की दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देता येणार नाही.

देशातल्या देशातसुद्धा सावध राहायला हवं. जानेवारी २०२५मध्ये आयोगाने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पीएचडीचे प्रवेश पाच वर्षं बंद केले, नियमांचं पालन झालं नाही म्हणून. नावं आयोगाच्या सूचनेत आहेत, ती वाचावीत. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर त्याची पीएचडी नियमानुसार ठरत नाही.

मग प्रवेशाला लागतं काय? पदव्युत्तर पदवी, ५५ टक्के गुणांसह. आरक्षित, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत. पदवीनंतर केलेलं बी.एड. इथे पदव्युत्तर धरत नाहीत, एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातलं एम.ए. हवं. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्के गुणांवर थेट अर्ज करता येतो. नोकरी करणाऱ्याला अर्धवेळ पीएचडी करता येते, पण त्यासाठी संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास कामातून मोकळं करू, असं त्यात लिहून द्यावं लागतं. सिंधुदुर्गातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला संलग्न आणि मुंबई सुमारे पाचशे किलोमीटरवर. तेव्हा हा कागद मुख्याध्यापकांकडून किंवा जिल्हा परिषदेकडून आधी मिळवावा, विषय नंतर ठरवावा. खरी अडचण मार्गदर्शकांच्या जागांची असते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. दीड वर्षाच्या जाहिरातीत या आकड्यांचा उल्लेख कधीच नसतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. पीएचडीशिवाय सहायक प्राध्यापक होता येत नाही, हे चूक: जुलै २०२३पासून नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे. शोधनिबंध छापल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत, ही अट २०२२च्या राष्ट्रीय नियमात नाही. आपल्या विद्यापीठाने घातली आहे का, ते पाहावं. सहा वर्षांत झालं नाही की सगळं वाया, हेही खरं नाही: पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. ऑनलाइन काहीच चालत नाही, असंही नाही. संशोधन सल्लागार समितीने सुचवले तर आयोगमान्य ऑनलाइन अभ्यासक्रमांचे क्रेडिट कोर्सवर्कमध्ये धरता येतात.

आणि ज्या हस्तांतराला नियमात खरोखर जागा आहे, ते फारसं कुणाला ठाऊकच नसतं. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलावं लागलेल्या संशोधक महिलेला आपली संशोधन-सामग्री नव्या विद्यापीठात नेता येते. अट अशी, की नियमावलीतल्या बाकीच्या अटी पाळाव्यात, ते काम मूळ संस्थेने किंवा मार्गदर्शकाने निधी मिळवलेल्या प्रकल्पाचं नसावं आणि मूळ संस्थेला व मार्गदर्शकाला योग्य श्रेय द्यावं. लग्न होऊन मालवणातून पुण्याला गेलेल्या मुलीने सगळं सोडून शून्यापासून सुरुवात करण्याचं कारण नाही. तिने दोन्ही विद्यापीठांकडे याच तरतुदीखाली लेखी अर्ज करावा.