एंजिनाचा कणा निवडताना

पायाने चालवावयाच्या शिवणयंत्राकडे क्षणभर पाहिले, म्हणजे मोटारीच्या एंजिनातील एक मोठे कोडे सहज सुटते. पायाखालची पट्टी नुसती वरखाली होते. परंतु तिची दांडी चाकाच्या मध्यापासून थोडी बाजूस अडकविलेली असल्यामुळे त्या वरखाली होण्याचे फिरण्यात रूपांतर होते. एंजिनात पायाचे काम दट्ट्या करतो, दांडीचे काम कनेक्टिंग रॉड करतो आणि मध्यापासून सरलेल्या त्या खुंटीचे काम क्रँकशाफ्ट करतो. वेगवान मोटारीत हा दंड मिनिटाला सहा हजार फेरे घेतो, आणि प्रत्येक स्फोटाचा धक्का अखेर त्याच्यावरच येऊन आदळतो.

जुने एंजिन उकलून ते अधिक जोमाने पुन्हा बांधावे, अशी इच्छा ज्याला होते त्याच्यापुढे या दंडाचा प्रश्न प्रथम उभा राहतो. क्रँकशाफ्ट मोडला तर तो एकटा मोडत नाही. सुटलेला रॉड सिलिंडरांच्या ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येऊ शकतो, आणि महिनोन्‌महिने केलेला खर्च व श्रम एका क्षणात मातीमोल होतात. म्हणून ‘बाजारात सर्वांत मजबूत असेल तो घ्यावा’ असा सल्ला पुष्कळ जण देतात. तो सद्‌भावनेचा असला तरी अपुरा आहे. मजबुतीइतकेच, किंबहुना तिच्याहून आधी, पाहावयाचे असते ते मेळाचे अंग.

हे पटण्यासाठी अमेरिकेतील एका प्रसिद्ध एंजिनाचे उदाहरण घेता येईल. एड कोल यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले शेव्हरोलेचे आठ सिलिंडरांचे ‘स्मॉल ब्लॉक’ एंजिन १९५५ साली बाजारात आले. त्याचे आकारमान तेव्हा २६५ घनइंच होते. पुढे त्याच घराण्यात १९६७ साली ३५० घनइंचांचे आणि १९७० साली ४०० घनइंचांचे एंजिन निघाले. बाहेरून ही भावंडे सारखीच दिसतात. आतील दंड मात्र एकमेकांच्या घरी सुखाने नांदत नाहीत.

३५० च्या दट्ट्याची धाव ३.४८ इंच आहे, ४०० ची ३.७५ इंच. तेव्हा ३५० च्या ब्लॉकमध्ये ४०० चा दंड बसवून आणि सिलिंडर ४.०३० इंचांपर्यंत रुंदावून ३८३ घनइंच मिळवावेत, ही युक्ती तेथील हौशी कारागिरांना फार आवडली. परंतु ३५० च्या मुख्य बेअरिंगांत फिरणाऱ्या जर्नलांचा व्यास २.४५ इंच, तर ४०० च्या जर्नलांचा २.६५ इंच. म्हणजे जुना दंड लेथवर तासल्यावाचून बसतच नसे. आज ३.७५ इंच धावेचे, पण २.४५ इंच जर्नलांचे नवे दंड तयार मिळतात, त्यामुळे ती यातायात वाचते.

इतक्याने मात्र काम संपत नाही. धाव ०.२७ इंच वाढली म्हणजे दट्ट्या पूर्वीपेक्षा ०.१३५ इंच अधिक वर चढतो. त्यासाठी पिनेची जागा वर घेतलेले दट्टे लागतात, नाही तर दट्ट्याचे डोके ब्लॉकच्या वर येईल. फिरता रॉड ब्लॉकच्या खालच्या कडेला व कॅमशाफ्टला घासत नाही ना, हेही एंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे लागते. बहुधा ब्लॉकला थोडी खाच पाडावीच लागते. शिवाय १९८५ पर्यंतच्या ब्लॉकमध्ये मागचे तेल अडविणारे सील दोन तुकड्यांचे असे, १९८६ पासून ते अखंड झाले. त्याबरोबर दंडाचे मागचे टोक आणि फ्लायव्हीलच्या बोल्टांचे वर्तुळ, दोन्ही बदलली. ब्लॉक कोणत्या सालचा, हे न पाहता दंड मागविणारा मनुष्य पार्सल उघडतो आणि मुकाट्याने पुन्हा बांधतो.

त्याहून फसवी गोष्ट तोलाची. जुन्या ३५० च्या दंडावर तोल राखणारी सारी वजने त्याच्या अंगावरच असत. ४०० च्या दंडाला आत पुरेशी जागा नसल्यामुळे उरलेला तोल पुढच्या डँपरमध्ये व मागच्या फ्लायव्हीलमध्ये ठेवलेला असे. ४०० चा दंड घेऊन त्याला ३५० चा डँपर व फ्लायव्हील जोडले, तर सर्व भाग आपापल्या जागी नीट बसतात, एंजिन सुरूही होते. पण ते थरथरते, आणि ती थरथर बेअरिंगांना खाऊन टाकते. म्हणून दंड, रॉड, दट्टे, डँपर व फ्लायव्हील यांचा संच एकत्र ठरवून तोलून घ्यावा, हा नियम मोडू नये.

आता धातूचा विचार. दंड मुख्यतः दोन जातींचे: ओतीव आणि घडीव. ओतीव दंडाच्या अंगावर साच्याच्या जोडाची बारीक रेघ दिसते. घडीव दंडावर त्याच जागी रुंद पट्टा असतो. तापलेले पोलाद ठशात दाबून दंड घडविण्याची ही विद्या मराठी मुलखाला परकी नाही. पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यातून घडीव क्रँकशाफ्ट बाहेर पडतात. निकेल, क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या ४३४० पोलादाचा घडीव दंड शर्यतीसाठी उत्तम समजतात.

पण तो प्रत्येकाला हवा काय? याचे उत्तर फेऱ्यांच्या वेगात आहे. धाव ३.४८ वरून ३.७५ इंच केली, तर त्याच वेगाला दट्ट्याच्या झटक्याचे बळ सुमारे ८ टक्के वाढते. तेच फेरे सहा हजारांवरून सात हजारांवर नेले, तर ते ३६ टक्क्यांनी वाढते. कारण हे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात चढते. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या आणि सहा हजारांच्या आत राहणाऱ्या साध्या एंजिनाला चांगला ओतीव दंड पुष्कळदा पुरतो. सात हजारांची ओढ ज्याला आहे त्याने मात्र घडीव दंडावर पैसा वाचवू नये.

शेवटी, जुना दंड टाकून देण्यापूर्वी त्याची परीक्षा करावी. तडा बहुधा जर्नल आणि त्याच्या शेजारची भुजा जेथे मिळतात त्या गोलाईत सुरू होतो आणि साध्या डोळ्यांना दिसत नाही. चुंबकीय भुकटीच्या तपासणीत तो उघडा पडतो. दंड निर्दोष असेल, तर जर्नल ०.०१० इंच घासून त्या मापाची बेअरिंगे घालता येतात. घासताना ती गोलाई मात्र जशीच्या तशी राखली पाहिजे. आणि दंडाला नायट्रोजनची कठीण त्वचा दिलेली असल्यास, ती घासून गेली की पुन्हा द्यावी लागते. बेअरिंगमधील मोकळीक जर्नलाच्या प्रत्येक इंचामागे सुमारे एक हजारांश इंच, म्हणजे येथे अडीच हजारांश इंच, हे जुन्या कारागिरांचे प्रमाण आजही उपयोगी पडते.

तेव्हा प्रश्नांचा क्रम ठरलेला असावा. एंजिन किती फेऱ्यांपर्यंत धावणार? ब्लॉक कोणत्या सालचा व कोणत्या मापाचा? तोल कोठे ठेवलेला? आणि हातातला जुना दंड खरोखर बाद झाला आहे काय? ही चार उत्तरे कागदावर उतरल्यावरच दुकानाची पायरी चढावी. ज्याच्या हाती मायक्रोमीटर आधी येतो आणि पैशाची पिशवी मागाहून, त्याचे एंजिन बहुधा दीर्घायुषी होते.