बोटुकली कटल्याची, मासा निघाला भलताच!

एका शेतकऱ्याने कटल्याची बोटुकली म्हणून बीज आणून शेततळ्यात सोडले. वर्षाने जाळे ओढले, तर डोके कटल्यापेक्षा लहान अन् अंग रोहूपेक्षा रुंद. "साहेब, हा कुठला मासा?" हा होता कटला आणि रोहूचा संकर.

असे का होते? कटला, रोहू, मृगळ हे तिन्ही मासे पावसाळ्यात पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. हंगाम एक, पाणी एक. अंडी फळतात तीही अंगाबाहेर, पाण्यातच. तरी नदीत संकर क्वचितच होतो, कारण तिथे आपल्याच जातीचा जोडीदार मिळतो. सायप्रिनसची तऱ्हा निराळी. तो साचलेल्या पाण्यात, वर्षातून एकाहून जास्त वेळा, पाणवनस्पतींवर चिकट अंडी घालतो. म्हणून एकाच तळ्यात राहूनही तो रोहूत मिसळत नाही.

१९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन यशस्वी केले आणि बीज नदीबाहेर तयार होऊ लागले. पण रोहू, मृगळ साधारण दुसऱ्या वर्षी वयात येतात, कटला तिसऱ्या वर्षी. म्हणजे त्याला एक वर्ष जादा पोसा! शिवाय इंजेक्शनलाही तो लवकर दाद देत नाही. मग कटल्याचे नर कमी पडले की काही ठिकाणी रोहू अन् कटला एकाच टाकीत सोडतात. तिथेच भेसळ होते.

संकर खायला वाईट नाही; पण खरा धोका पुढेच आहे. हा संकर वांझ नसतो. तोच प्रजननाला ठेवला, तर पुढच्या पिढ्यांत भेसळ वाढते. तळे फुटले तर ती नदीतही जाते. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ तळाशी चरतो, या हिशोबावर आपली मिश्र शेती उभी आहे. तो हिशोबच मग चुकतो.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, बोटुकलीच्या वयात संकर नुसत्या नजरेने ओळखणे अवघड आहे. म्हणून बीज घेण्याआधी केंद्रावर जा. प्रत्येक जातीचे नर-मादी वेगळ्या टाकीत सोडतात का, ते विचारा अन् डोळ्यांनी पाहा. पावतीवर जात लिहून घ्या. शंका असलेला मासा विकून टाका, पण प्रजननासाठी ठेवू नका. दोन पैसे वाचवायला गेलात, तर वर्ष वाया जाईल.