अथासचे वाळवंट, गंगथडीचा हिशेब

अमेरिकेतल्या टीएसआर कंपनीने १९९१ साली ‘डार्क सन’ नावाचा खोका विकायला काढला, तेव्हा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाला सतरा वर्षे झाली होती. खेळ सगळा तोंडी. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसायचे, एकेक पात्र घ्यायचे, गेम मास्टरने प्रसंग सांगायचा आणि अडेल तिथे वीस पैलूंचा फासा टाकून निकाल लावायचा. या खेळातली जगे तोवर बहुतेक हिरवीगार होती. टिमोथी ब्राउन आणि ट्रॉय डेनिंग यांनी ‘डार्क सन’साठी रचलेले अथास हे जग मात्र करपलेले निघाले. तांबडा सूर्य, धुळीचा समुद्र, हाडाच्या आणि दगडाच्या तलवारी, भाजल्या मातीची नाणी. जगणे इतके बेभरवशाचे, की प्रत्येक खेळाडूने एकाऐवजी चार पात्रे तयार ठेवायची, असा नियमच होता.

हे जग मराठी टेबलावर आणायचे तर जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यासारखी जागा नाही. इथे वाळू नाही, काळी जमीन आहे. म्हणून आधी अथासमधून काय उचलायचे आणि काय टाकायचे, ते ठरवावे लागते.

मंत्र एकाचा, राख दुसऱ्याची

अथासचे वाळवंट निसर्गाने केलेले नाही. तिथली जादू झाडझाडोऱ्याच्या जिवावर चालते. मांत्रिकाने मंत्र टाकला की भोवतालच्या गवताची राख होते आणि जमीन नापीक पडते. मंत्र मोठा तर राखेचे रिंगणही मोठे. मातीला न दुखवता जादू करणारेही आहेत, पण ते लपूनछपून राहतात. ज्यांनी ओरबाडले ते नगरांचे राजे झाले.

आता घनसावंगीचा नकाशा उघडू. दक्षिणेला गोदावरी, इकडचे लोक तिला गंगाच म्हणतात. तिच्यावर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळीचे बंधारे. पैठणहून निघालेला जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो. तीर्थपुरीला साखर कारखाना. कालवा पोचत नाही तिथे विहीर आणि बोअर. खाली सगळा बेसाल्ट, पाणी साठते ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. एकाच भेगेवर दोघे असले तर खोल गेलेला पाणी ओढतो आणि शेजारची विहीर उघडी पडते. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली, ती याच कारणाने.

म्हणजे अथासची जादू इथे आयतीच हजर आहे. नियम असा करावा: बोअर जितका खोल, तितकी फाशात भर. पाणी लागले की खेळाडूचा ऊस तरला. पण त्याच क्षणी गेम मास्टरने नकाशावरच्या जवळच्या विहिरीचे पाणी एक परस खाली न्यायचे आणि त्या विहिरीच्या धन्याचे नाव मोठ्याने वाचायचे. तो धनी बहुतेक वेळा टेबलावरचाच दुसरा खेळाडू असावा. वाळू, उंट, मृगजळ हे सगळे वगळले तरी चालते. एवढा नियम वगळला तर मागे नुसते उन्हाचे वर्णन उरते.

बारा हजार लिटर

मूळ खोक्यात माणसाला दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास पाणी लागते, असा हिशेब आहे. तो फक्त पिण्याचा. आपल्याकडे टंचाईत ग्रामीण भागाला टँकरने पाणी द्यायचे तर माणशी २० लिटर धरतात आणि जनावरांचे वेगळे. हाच आकडा खेळात घ्यावा, कारण त्यात स्वयंपाक, धुणे, बाळंतीण सगळे येते.

प्रसंग असा. दीड हजार वस्तीचे गाव. बारा हजार लिटरचा टँकर येतो आणि आटलेल्या सार्वजनिक विहिरीत रिता होतो. विहिरीभोवती दोर, कळश्या, हंडे. बारा हजार भागिले वीस म्हणजे सहाशे माणसे. दोन खेपांनी बाराशे भागतात. तिसरी खेप येईल की नाही हे फासा ठरवणार. एक खेळाडू सरपंच, दुसरी अंगणवाडीताई, तिसरा टँकरचा ड्रायव्हर, आणि चौथ्याच्या शेतात अजून पाणी असलेली विहीर, जिच्या अधिग्रहणाचा कागद तहसीलमधून निघालेला. उरलेले तीनशे कोण? कडेच्या वस्तीवरचे, की मागून येणारी म्हातारी माणसे? इथे कोणी तलवार काढत नाही, तरी अथासच्या आखाड्यातल्या झुंजीपेक्षा हा डाव जड जातो.

अस्मानी आणि सुलतानी

याच तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. १६३० ते ३२ च्या दुष्काळाने दख्खन पोळून निघाली, तो त्यांच्या तरुणपणाचा काळ. आभाळाने मारलेल्यांना राज्यकर्त्यांनीही कसे नागवले, हे त्यांच्या ‘अस्मानी सुलतानी’ प्रकरणात आहे. अथासमध्येही ऊन आणि राजा एकमेकांच्या हातात हात घालून येतात.

आजच्या मोहिमेत मात्र सिंहासनावरचा राजा नको. सुलतानी इथे कागदात असते. अनेक वर्षे पिकाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत लागली की दुष्काळी सवलतींचा रस्ता मोकळा होई. एक्कावन्न लागली की गाव कोरडे राही. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न उभा राहतो आणि दर वेळी कोर्टकचेऱ्या होतात. मोहिमेचे कॅलेंडर या तारखेभोवती बांधावे. खेळाडूंनी दिवाळीआधी जे ठरवले त्याचे फळ त्यांना एप्रिलमध्ये मिळेल. एप्रिल किती वाईट असू शकतो, ते २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला विचारावे.

खेळ कशाचा, चेष्टा कशाची

लोकांच्या हालांचा खेळ करायचा का, हा आक्षेप रास्त आहे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी आणि मिलो खाल्लेली माणसे अजून घराघरात आहेत. अथासमध्ये गुलामगिरी सर्रास आहे. ती जशीच्या तशी आणली तर नुसती सजावट होईल. त्याऐवजी ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आणावी. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि उचल फिटेपर्यंत दोघे फडात बांधलेले. मात्र टेबलावर कोणाला कोणता प्रसंग नको, हे आधीच विचारून घ्यावे. आत्महत्या फाशावर कधीच सोडू नये.

उपायही सोपा दाखवू नये. जालन्याजवळच्या कडवंचीने १९९६ पासून पाणलोटाची कामे करून द्राक्षे पिकवली, हे साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. पण शेततळे दोन प्रकारे भरते. पावसाचे वाहते पाणी अडवून भरले तर ते जपणाऱ्याची जादू. विहिरीतून उपसून, प्लास्टिक अंथरून भरले तर तीच जादू ओरबाडणाऱ्याची. बाहेरून दोन्ही तळी सारखीच दिसतात. खेळाडूला निवड इथे करू द्यावी.

‘डार्क सन’च्या पहिल्याच कादंबरीत टीर नगरीचा राजा कालक मारला जातो. नगर मोकळे होते, पाणी काही वाढत नाही. म्हणून आपली मोहीम खलनायक पडल्यावर संपवू नये, पुढचा एक हंगाम खेळावा. सुरुवातीच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये जितके सोने गोळा कराल तितके अनुभवाचे गुण मिळत. घनसावंगीच्या मोहिमेत गुण मे महिन्यातल्या विहिरींच्या पातळीवर द्यावेत: गावातल्या सगळ्या विहिरी मोजून, सगळ्या खेळाडूंना सारखे. स्वतःची विहीर भरून दुसऱ्याची आटवणारा खेळाडूही मग फासा उचलण्याआधी शेजाऱ्याला विचारू लागेल.