उष्ण बेटावरील बर्फगाडी

जमैका हे कॅरिबियन समुद्रातील एक लहानसे बेट. तेथे उसाचे मळे आहेत, निळसर डोंगर आहेत, बाराही महिने ऊन आहे. हिमवर्षाव मात्र कोणी पाहिलेला नाही. अशा देशाचे तरुण १९८८ साली कॅनडातील कॅलगरी येथे हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत उतरले, आणि तेही बर्फावरून गाडी पळविण्याच्या शर्यतीत! त्यांच्या धाडसावर १९९३ साली 'कूल रनिंग्ज' हा इंग्रजी चित्रपट निघाला व जगभर गाजला.

या शर्यतीला 'बॉबस्ले' म्हणतात. गाडीला चाके नसतात. तळाशी पोलादी पट्ट्या असतात. बर्फाच्या नागमोडी, उतरत्या मार्गावरून ती घसरत जाते. प्रारंभी चौघे गडी ती सुमारे पन्नास मीटर ढकलीत धावतात आणि एकामागून एक आत उड्या घेतात. पुढे बसलेला सारथी दोन दोऱ्यांनी गाडी वळवितो. सर्वांत मागचा गडी ब्रेक सांभाळतो. वेग ताशी १२० किलोमीटरांच्याही वर जातो. जय-पराजय सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरत असल्याने आरंभीची ती धाव फार मोलाची असते.

जमैकाचा संबंध येतो तो येथेच. त्या बेटावर उतारावरून हातगाड्या सोडण्याच्या शर्यती होत. त्या पाहून दोन अमेरिकन गृहस्थांना वाटले, की चपळ धावपटूंच्या या देशाला बर्फावरची गाडी का साधू नये? धावपटू पुढे येईनात, तेव्हा लष्करातून माणसे निवडण्यात आली. हेलिकॉप्टर चालविणारा डडली स्टोक्स सारथी झाला. शर्यतीला थोडेच दिवस उरले असता एक गडी जायबंदी झाला. त्याच्या जागी डडलीचा धाकटा भाऊ ख्रिस उभा राहिला. तो भावाची शर्यत पाहण्यासाठी म्हणून आला होता!

चित्रपटात हा प्रसंग नाही. तेथे निवड-शर्यतीत अडखळून पडलेले धावपटू आहेत आणि पूर्वायुष्यात कलंक लागलेला एक प्रशिक्षक आहे. तो प्रशिक्षक सर्वस्वी काल्पनिक होय. करमणुकीसाठी एवढी भर कोणीही मान्य करील. परंतु प्रतिस्पर्धी संघ या नवख्यांची हेटाळणी करतात असे जे दाखविले आहे, ते न्यायाचे नव्हे. प्रत्यक्षात इतर संघांनी त्यांना सल्ला दिला, इतकेच नव्हे तर आपली गाडीही वापरावयास दिली.

चार फेऱ्यांपैकी तिसऱ्या फेरीत एका वळणावर डडलीचा ताबा सुटला. गाडी उलटली आणि गड्यांची शिरस्त्राणे बर्फावर घासत गेली. पडद्यावर ते चौघे गाडी खांद्यावर घेऊन अंतिम रेषा ओलांडतात. खरे पाहता ते गाडीच्या सोबतीने पायी चालत गेले. प्रेक्षक टाळ्या वाजवीत होते. डडलीने त्यांच्यापैकी काहींशी हस्तांदोलन केले. शर्यत अपुरीच राहिली.

१९९२ साली फ्रान्समध्ये याच संघाचा पंचविसावा क्रमांक लागला. १९९४ च्या फेब्रुवारीत नॉर्वेमधील लिलेहामर येथे स्टोक्स बंधू पुन्हा उतरले. या वेळी गाडी चारही फेऱ्या सुखरूप उतरली आणि जमैका चौदावा आला. बर्फात वाढलेल्या अमेरिकनांची गाडी त्याच्या मागे राहिली. चित्रपट मात्र चार महिन्यांपूर्वीच पडद्यावर येऊन गेला होता.