चाळिशीनंतरचा नवा बाजार

विपणनक्षेत्रात वीस-बावीस वर्षे घालविलेल्या माणसाची पुंजी कोणती? वितरकांशी जुळलेले संबंध, दुकानदाराचा स्वभाव ओळखणारी नजर, दिवाळीचा माल केव्हा पोहोचला पाहिजे याचे भान. अशा गृहस्थाला पंचेचाळिशीत कोणी सांगते, की आता सारे इंटरनेटवर चालते. तेव्हा ही पुंजी एका रात्रीत खोटी ठरल्यासारखे त्याला वाटते. नव्या कार्यालयात वरिष्ठ वयाने पुतण्याएवढा असतो, पगार बहुधा खाली येतो आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च नेमका याच वेळी वर चढलेला असतो. या स्थित्यंतराची खरी किंमत ही आहे. संगणक शिकणे त्यामानाने सोपे.

पुंजी मात्र खोटी ठरत नाही. अमेरिकेतील जाहिरातलेखक क्लॉड हॉपकिन्स यांचे ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक १९२३ चे. जाहिरातीत कूपन छापावे, प्रत्येक जाहिरातीच्या कूपनावर वेगळी खूण ठेवावी आणि टपालाने परत आलेली कूपने मोजून कोणत्या मथळ्याने गिऱ्हाईक आणले ते ठरवावे, या रीतीचा त्यांनी पुरस्कार केला. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची पट्टीवजा जाहिरात झळकली, तेव्हा कूपनाची जागा क्लिकने घेतली, एवढेच. टपालाचे आठवडे मिनिटांवर आले.

खरा पालट झाला तो जागेच्या भावात. वर्तमानपत्राचे पहिले पान ज्याच्याकडे पैसा त्याचे. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ‘ॲडवर्ड्स’ ही जाहिरातसेवा सुरू केली आणि २००२ पासून जाहिरातीचा क्रम बोलीच्या रकमेबरोबर, लोक तिच्यावर किती प्रमाणात क्लिक करतात यावरही ठरू लागला. शोधणाऱ्याला नेमके काय हवे ते ओळखणारा लहान व्यापारी त्यामुळे मोठ्या बोलीवाल्याच्या वर जाऊ शकतो. आणि ओळखणे हे तर जुन्या विक्रेत्याचेच काम.

फराळ विकणारा एखादा घरगुती उद्योग घ्यावा. ‘कांदा-लसणाविना’ आणि ‘जैन’ हे शब्द यंत्राला जवळचे वाटू शकतात. दुकानोदुकानी फिरलेल्या माणसाला मात्र ठाऊक असते, की बटाट्याच्या चिवड्यात कांदा-लसूण नसला तरी कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या घरात तो चालत नाही. पर्युषणात तर अनेक घरी हिरवी भाजीही आणत नाहीत. तो दोन्ही जाहिराती वेगळ्या करील, बटाट्याच्या पदार्थांच्या जाहिरातीतून ‘जैन’ हा शोधशब्द वगळील आणि पर्युषणाच्या पंधरा दिवस आधी खर्च वाढवील. गिऱ्हाइकाने पाठ फिरविली हे आकडे सांगतात. का फिरविली ते सांगत नाहीत.

विसरण्यासारखेही पुष्कळ आहे. येथे दोन मथळे एकाच वेळी चालवितात आणि हरलेला निमूटपणे काढून टाकतात, मग तो ज्येष्ठ माणसाचा कितीही आवडता असो. शिवाय समोर गिऱ्हाईक दिसत नसल्याने मोह वाढतो. ‘दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई दुकानात करणाऱ्याला पुढच्या आठवड्यात त्याच माणसाला तोंड दाखवावे लागे. पडद्याआडून ती सर्रास होऊ लागली, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा फसव्या युक्त्यांचे तेरा प्रकार नमूद करून त्यांना मनाई केली. खोटी घाई त्यांत आहेच.

नोकरी सोडण्याची घाईही नको. नात्यातल्या एखाद्या दुकानासाठी रोज थोडी रक्कम लावून काम शिकता येते. खर्च, आलेली विचारणा आणि झालेली विक्री यांची रोज वहीत नोंद ठेवावी. नव्या मालकापुढे ठेवायला ती प्रमाणपत्रापेक्षा अधिक उपयोगी. पहिले काही महिने त्या वहीत तोटाच दिसण्याचा संभव अधिक, तेव्हा घरखर्चाला धक्का न लागता सोसेल इतकीच रक्कम आरंभी ठरवावी.