खड्डा कसला, ते आधी पाहा

गालावर जिथे मुरमांचे खड्डे आहेत तिथली त्वचा दोन बोटांनी हलकेच ताणून पाहा. काही खड्डे ताणल्याबरोबर जवळजवळ सपाट होतात, काही जसेच्या तसे राहतात. त्वचारोगतज्ज्ञही तपासताना हेच करतात, शिवाय दिव्याचा उजेड बाजूने टाकतात, कारण समोरच्या उजेडात उथळ खळगे दिसतच नाहीत. उपचार कोणता, हे या तपासणीत ठरतं. म्हणूनच ‘लेझरचं एक सिटिंग केवढ्याला?’ हा पहिला प्रश्न नसावा असं मला कळकळीने वाटतं.

मुरूम खोलवर सुजला की तिथलं कोलॅजन नष्ट होतं. जखम भरताना नवं कोलॅजन पुरेसं तयार झालं नाही, तर वरची त्वचा खाली बसते. नुसता काळसर डाग मात्र खड्डा नव्हे. तो रंगाचा प्रश्न आहे आणि बहुतेकदा सनस्क्रीन, मलमं आणि काही महिने यांनी फिका पडतो.

टाचणी टोचल्यागत दिसणारे अरुंद, खोल खड्डे असतात, त्यांना डॉक्टर ‘आइस पिक’ म्हणतात. त्यांच्या तळापर्यंत लेझर नीट पोहोचत नाही. तिथे टीसीए क्रॉस कामी येतं. कोरियातल्या डॉक्टरांनी ही पद्धत 2002 मध्ये मांडली. टोकदार काडीने टीसीए हे तीव्र आम्ल फक्त खड्ड्याच्या आत लावतात. काही सेकंदांत तिथे पांढरा ठिपका उमटतो, पुढे खपली धरते आणि खड्डा तळातून हळूहळू भरत येतो. ताणल्यावर सपाट होणारे रुंद खळगे ‘रोलिंग’ प्रकारचे. गादीला टाका घातला की तिथे खळगा पडतो, तसे इथे आतले तंतू त्वचेला खाली ओढून धरतात. सबसिजनमध्ये भूल देऊन त्वचेखाली सुई सरकवतात आणि ते तंतू तोडतात. आठवडा-दोन आठवडे गाल काळानिळा दिसतो. हे तंतू तसेच ठेवून वरून कितीही लेझर मारला तरी फारसं हाती लागत नाही.

उभ्या कडांचे, पसरट ‘बॉक्सकार’ खड्डे फार खोल नसतील तर लेझरला चांगली दाद देतात. कार्बन डायऑक्साइड लेझरचा 10,600 नॅनोमीटरचा किरण पाणी शोषून घेतं, आणि त्वचेत पाणी भरपूर. ते क्षणात तापून वाफ होतं. पूर्वी या लेझरने वरचा सगळा थरच काढत. 2004 मध्ये फ्रॅक्शनल पद्धत आली. तिच्यात किरण बारीक बारीक ठिपक्यांत उतरतो आणि मधली त्वचा शाबूत राहते. तीच भोवतालची जखम लवकर भरून काढते.

सिटिंगआधी पाऊण-एक तास बधिर करणारं मलम लावतात आणि डोळे झाकतात. किरण पडताना चटके बसतात, जळल्यासारखा वासही येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गालावर तपकिरी ठिपक्यांची जाळी उमटते, हाताला खरखरीत लागते आणि आठवडाभरात आपोआप झडते. ती नखाने काढू नये. आतलं कोलॅजन मात्र पुढचे तीन ते सहा महिने तयार होत राहतं, म्हणून पंधरा दिवसांनी आरसा पाहून निराश होण्यात अर्थ नाही.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत खरी जोखीम काळे डाग पडण्याची. रंगपेशी उष्णतेने चाळवतात. त्यामुळे जाणकार डॉक्टर ठिपके विरळ ठेवतात आणि दोन सिटिंगमध्ये महिना-दीड महिना जाऊ देतात. अनेकदा ते मायक्रोनीडलिंग सुचवतात, कारण साध्या सुयांच्या या पद्धतीत उष्णता नसते. नवे मुरूम येत असतील तर आधी ते आटोक्यात आणावे लागतात. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, ओठांवर वारंवार येणारं नागीण प्रकारचं पुरळ, जखमेवर केलॉइड येण्याची प्रवृत्ती, चेहऱ्याला लावलेलं स्टेरॉइड असलेलं ‘गोरं करणारं’ मलम, हे सगळं डॉक्टरांना आधीच सांगावं.

खड्डे पूर्ण नाहीसे होत नाहीत, उथळ होतात. शंभर टक्क्यांची हमी देणाऱ्याकडून उठून यावं. उपचार सुरू होण्याआधी एकाच जागी, एकाच दिव्याखाली फोटो काढून ठेवायला सांगा, म्हणजे फरक मोजता येईल. आणि घरात लग्न असेल, तर पहिलं सिटिंग निदान सहा महिने आधी घ्या.