तलाव, कोसा आणि ग्रामव्यवस्था : आंधळगाव परिसराच्या निमित्ताने

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोशाचे कापड विणणाऱ्या कोष्टी कारागिरांचे गाव म्हणून विदर्भात परिचित आहे. ज्या प्रदेशात ते वसले आहे, त्याची ख्याती मात्र तलावांचा जिल्हा अशी आहे. वरवर पाहता माग आणि तलाव यांचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. वस्तुतः त्या दोहोंना जोडणारा एक समाज येथे आहे. तो म्हणजे ढिवर समाज होय. तलावाकाठचे गाव ही केवळ पाण्यालगतची वस्ती नसून हक्क आणि कर्तव्य यांच्या परस्परावलंबनावर उभी असलेली व्यवस्था आहे, ही गोष्ट या संबंधाच्या अभ्यासातून स्पष्ट होते.

प्रथम तलावांचे प्रयोजन पाहणे इष्ट ठरेल. वैनगंगेच्या या खोऱ्यात वर्षाकाठी १,३०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. भातासाठी तो अपुरा नाही. परंतु पीक निसवण्याच्या सुमारास, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, त्याने ओढ दिली तर वर्षभराचे श्रम वाया जातात. या एका ओलितासाठी उताराच्या तोंडाशी मातीची पाळ घालून पाणी अडविण्याची कला येथील कोहळी समाजाने पूर्णत्वास नेली. चांद्याच्या गोंड राजाने आपल्या पूर्वजांना काशीहून आणले, अशी या समाजात परंपरा आहे. आज गोंदिया जिल्ह्यात असलेल्या नवेगावबांधाचे श्रेय परंपरेने कोलू पाटील कोहळी यांस दिले जाते. पाळीतील तुडूम उघडले की पाणी पाटाने बांध्यांत उतरते आणि जादा पाणी सांडव्यावाटे खालच्या तलावात जाते. अशा रीतीने एका तलावाचा सांडवा दुसऱ्याचा पुरवठा ठरतो.

पाणी एकच असले तरी त्यावरील अधिकार अनेकांचे होते. शेतकऱ्यास ओलीत, गुराख्यास जनावरांचे पाणी, ढिवरांस मासळी, शिंगाडा व कमळाचे कंद, असा हा विभाग होता. पावसाळ्यात ढिवर कुटुंबे जंगलातील ऐन व अर्जुन या वृक्षांवर टसराच्या अळ्या सोडून पक्ष्यांपासून त्यांची राखण करीत आणि तयार झालेले कोश विकीत. ते कोश उकळून, स्त्रियांनी मांडीवर वळून काढलेले सूत विणकराच्या मागावर चढे. जाळे टाकणारा हात आणि कोश वेचणारा हात एकाच कुटुंबातला असल्यामुळे तलाव, जंगल आणि माग ही तीन अंगे एका अर्थव्यवहारात गुंफली गेली होती. मासळीची आवक मंदावली तरी कोशाचा आधार राही.

इंग्रजी अमदानीत, १८६१ साली मध्यप्रांताची स्थापना झाल्यानंतरच्या जमाबंदीत, मालगुजारांस गावांची मालकी मिळाली. तथापि गावकऱ्यांचे निस्ताराचे हक्क व पाण्याची वहिवाट ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात नोंदली गेली. ही व्यवस्था समतेची होती असे म्हणता येणार नाही. मालगुजाराचा वरचष्मा व जातींची उतरंड तीत होतीच. परंतु पाळीची डागडुजी कोणी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर तीत निश्चित होते.

१९५० च्या कायद्यान्वये १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारजमा झाले. पूर्व विदर्भातील असे ६,००० हून अधिक तलाव आजही ‘माजी मालगुजारी’, अर्थात ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जातात. शोषक मध्यस्थ नाहीसा झाला, हा लाभ निर्विवाद होय. मात्र त्याबरोबर डागडुजीचे उत्तरदायित्वही निराधार झाले. गावाने विनामूल्य पाण्याचा हक्क सोडला नाही. ज्या पाण्यापासून महसूल नाही त्यावर खर्च करण्याची निकड शासनास वाटली नाही. पुढे १०० हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदांकडे आले. परंतु तोवर अनेक तलाव गाळाने उथळ झाले होते.

याचा सर्वाधिक फटका भूमिहीन ढिवरांस बसला. मच्छीमार सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने मिळाले. रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडले गेले. पण पाणवनस्पती नष्ट होऊन बेशरम माजल्याने स्थानिक मासे विरळ झाले. पाण्यावर जगणारा एक आणि पाण्याविषयी निर्णय घेणारा दुसरा, ही स्थिती केवळ येथलीच नव्हे. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील खेड्यांनी १९९२ साली कॉड मासेमारी सरकारी आज्ञेने बंद झाल्यावर हेच दुःख अनुभवले. तेथे मासा अतिउपशाने संपला होता, येथे निगेअभावी संपत आला. कारणे भिन्न असली तरी लहान मच्छीमाराचा शब्द दोन्हीकडे दुय्यम ठरला.

अलीकडील काळात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या संस्थांसमवेत बेशरम उपटून, तलावाच्या तळाशी स्थानिक पाणवनस्पती लावण्याचे प्रयोग केले आहेत. कोणती वनस्पती कोणत्या माशास मानवते, याचे ज्ञान ढिवर स्त्री-पुरुषांपाशीच होते, हे त्यांतून सिद्ध झाले. आंधळगावच्या मागाविषयीही हाच विचार लागू पडतो. विणकरास दिलेले साहाय्य केवळ मागापुरते राहिल्यास ते अपुरे ठरेल. कारण त्या वस्त्राचे मूळ ऐनाच्या झाडावर आणि त्याची राखण करणाऱ्या कुटुंबात आहे, व त्या कुटुंबाची चूल तलावावर अवलंबून आहे. तलावाचा अभ्यास केवळ पाटबंधाऱ्याचा व विणकामाचा केवळ हस्तव्यवसायाचा विषय मानल्यास या दोहोंमधील माणूस अभ्यासकाच्या दृष्टीतून निसटतो.